शहर, घाट आणि गावचा रस्ता: घरासाठी गाडी निवडताना आणि चालवून बघताना

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुतेक वेळा ठरलेली असते. शेजारी सेल्समन, मागची सीट रिकामी, समोर सपाट डांबरी रस्ता आणि पंधरा मिनिटांत परत. अशा फेरीत बाजारातली जवळजवळ कुठलीही नवी गाडी छान वाटते. तीच गाडी गणपतीला पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन, एसी लावून घाटात चढवली की तिचं खरं रूप कळतं. पण तोवर हप्ते सुरू झालेले असतात.

घरासाठी पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरण म्हणून एक घर डोळ्यांसमोर ठेवू: राहायला पुण्यात, गाव तळकोकणात, घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. रोज शहरातली गर्दी, वर्षातून काही वेळा खंबाटकी आणि पुढे फोंडा किंवा आंबोली घाट, गावात शिरल्यावर लाल मातीचा रस्ता, आणि चार महिने पाऊस. तुमचं गाव विदर्भात असेल तर घाटाऐवजी मे महिन्यातलं ऊन धरा. रीत तीच राहते.

आधी आपलं वर्ष कागदावर मांडा

गाड्यांचे व्हिडिओ बघण्याआधी एक कागद घ्या. गाडी वर्षभरात कुठे कुठे जाणार, कोण कोण बसणार, सोबत काय असणार, ते लिहा. रोज ऑफिसला किती किलोमीटर? शनिवार-रविवार कुठे? गावी वर्षातून किती वेळा आणि कोणत्या महिन्यात? आजींना महिन्यातून किती वेळा दवाखान्यात न्यायचं असतं?

बरेच जण गाडी घेतात ती एका स्वप्नासाठी. कधीतरी लडाखला जायचंय म्हणून फोर बाय फोर, कधीतरी सगळे एकत्र जाऊ म्हणून सात सीट. त्या 'कधीतरी'साठी रोजच्या रोज मोठी गाडी गल्लीबोळांतून काढावी लागते. माझं मत असं की वर्षातून एकदाच येणारी गरज भाड्याच्या गाडीवर सोडावी. पण वर्षातून पाच-सहा वेळा येणारी अडचण, म्हणजे भरलेल्या गाडीने चढलेला घाट किंवा पावसातला गावचा रस्ता, ती मात्र गाडी निवडताना अगदी वरती धरावी.

मग टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

ही पायरी फार लोक गाळतात. आपल्या पार्किंगची लांबी, रुंदी आणि खांबांमधलं अंतर मोजा. वॅगनआरची रुंदी १,६२० मिलिमीटर, क्रेटाची १,७९० आणि एक्सयूव्ही ७०० ची १,८९०. आरसे यात धरलेले नाहीत. कागदावरचा हा फरक किरकोळ वाटतो, पण दोन खांबांमध्ये गाडी लावून आजींना दार उघडून बाहेर यायचं असेल तर तोच निर्णायक ठरतो. सोसायटीत यांत्रिक, एकावर एक गाड्या ठेवण्याचं पार्किंग असेल तर उंचीची आणि वजनाची मर्यादा सेक्रेटरींकडून लेखी घ्या. खालच्या कप्प्यात उंच एसयूव्ही मावत नाही असं अनेक इमारतींत आहे.

बेसमेंटचा रॅम्पही नीट बघून ठेवा. त्याचा वरचा कोना तीव्र असेल तर लांब गाडीचं पोट तिथे घासतं. हा रॅम्प पुढे टेस्ट ड्राइव्हमध्ये कामाला येणार आहे.

पाच सीट की सात

सात सीटच्या गाडीत तिसरी रांग उभी केली की सामानाला जागा किती उरते, ते आधी विचारा. अर्टिगात ती २०९ लिटर उरते, म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि वर थोडं काही. ट्रायबरमध्ये ८४ लिटर, म्हणजे जवळजवळ नाहीच. ट्रायबरच्या तिसऱ्या रांगेच्या सीट काढून घरी ठेवता येतात आणि मग डिकी ६२५ लिटरची होते, ही तिची खरी सोय आहे. सात माणसं आणि सात माणसांचं सामान दोन्ही नेणारी गाडी हवी असेल तर मोठी आणि महाग गाडीच घ्यावी लागेल, किंवा टपावर कॅरियर लावावा लागेल. कॅरियरने अॅव्हरेज पडतं, वाऱ्याचा आवाज वाढतो, आणि टपावर जड सामान असलं की घाटातल्या वळणांवर गाडी जास्त कलते.

घरात पाच माणसं असतील तर मागच्या सीटवर तिघं खरोखर बसतात का, ते बघा. मधल्या माणसाला डोकं टेकायला हेडरेस्ट आणि खांद्यावरून येणारा पट्टा आहे का? नसेल तर ती गाडी लांबच्या प्रवासात चौघांचीच समजा.

इंजिन, इंधन, गिअर

इथे जाहिरातीपेक्षा तुमचा कागद जास्त सांगतो.

साधं पेट्रोल इंजिन देखभालीला सोपं. पण एक लिटरचं छोटं इंजिन, गाडीत सहा-सात माणसं, एसी चालू आणि समोर घाट, असं असेल तर दुसऱ्या गिअरमध्येही ती दम टाकते. टर्बो पेट्रोलला ताकद भरपूर असते, मात्र इंजिनचे फेरे कमी असताना ती येत नाही, थोडं थांबून एकदम येते. तीव्र वळणावर वेग अगदी कमी झाला की हे जाणवतं.

डिझेल घाटासाठी आणि लांबच्या प्रवासासाठी आजही उत्तम. पण १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण नियमांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग आणि बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. रोज चार किलोमीटर गर्दीत आणि महिनाभर हायवे नाही, अशा घराने डिझेल घेऊ नये. फिल्टर तुंबून डॅशबोर्डवर दिवा लागण्याचा त्रास त्यांनाच जास्त होतो.

सीएनजीचा खर्च कमी, पण टाकीने डिकी खाल्लेली असते आणि चढावर ओढ थोडी कमी पडते. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझपासून दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, नंतर ह्युंदाईनेही तशी रचना आणली. सामानाची गरज असेल तर अशीच बघा. गावच्या वाटेवर सीएनजी पंप कुठे कुठे आहेत आणि सणाच्या दिवसांत तिथे रांग किती लागते, हेही विचारात घ्या. गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना दर वेळी उतरवायचं-चढवायचं, ही गोष्ट लहान नाही.

इलेक्ट्रिक गाडी शहरासाठी फार सोयीची आहे. घाट उतरताना ती बॅटरीत थोडी वीज परत भरते, चढताना ओढही जोरदार. अट एकच: स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जिंग मिळालं पाहिजे. सोसायटीची परवानगी आधी, बुकिंग नंतर.

ऑटोमॅटिक घेताना 'ऑटोमॅटिक' एवढंच ऐकून थांबू नका, गिअरबॉक्स चारपैकी कोणत्या प्रकारचा आहे ते विचारा. एएमटी स्वस्त असते आणि अॅव्हरेज चांगलं देते, पण गिअर बदलताना झटका जाणवतो. सीव्हीटी गर्दीत मऊ चालते, मात्र जोरात दाबली की आधी इंजिनचा आवाज वाढतो, वेग मागून येतो. ड्युअल क्लच झटपट असते, पण कोरडे क्लच असलेल्या प्रकारातली गाडी चढावरच्या मुंगीच्या पावलांच्या गर्दीत तापू शकते. टॉर्क कन्व्हर्टर सगळ्यांत निर्धोक वाटतो मला. त्याचं अॅव्हरेज थोडं कमी असतं, ते मी मान्य करतो.

सुरक्षेत तडजोड नको

भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांची टक्कर-चाचणी घेऊन त्यांना तारे देणारी आपली योजना, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. समोरून टकरीची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. तारे बघताना मोठ्यांचे आणि मुलांचे वेगळे बघा, आणि ते नेमक्या कोणत्या मॉडेलला मिळाले तेही. गाडी घसरताना आपोआप सावरणारी ईएससी यंत्रणा तुमच्या व्हेरियंटमध्ये आहे ना, हे पक्कं करा. निसरड्या घाटात तिचा उपयोग सनरूफपेक्षा हजारपट जास्त आहे. पैसे मर्यादित असतील तर मोठ्या गाडीचं साधं व्हेरियंट घेण्यापेक्षा लहान गाडीचं पूर्ण सुरक्षा असलेलं व्हेरियंट घ्या, असं मी आग्रहाने सांगतो.

आणि एक कळकळीची विनंती. पुढच्या सीटवर मांडीत मूल घेऊन बसायची आपल्याकडची सवय मोडा. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत, प्रचंड जोराने उघडते. मांडीतलं मूल तिच्या आणि मोठ्या माणसाच्या मध्ये सापडतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा बाल-आसन लावणं कायद्यानेही बंधनकारक आहे, नाहीतर १,००० रुपये दंड आहे. लहान मूल असेल तर बाल-आसन शोरूममध्ये सोबत न्या आणि सीटमधल्या आयसोफिक्सच्या (बाल-आसन अडकवायच्या) कड्यांत ते सहज बसतं का, तिथेच बसवून बघा.

टेस्ट ड्राइव्ह: पूर्ण घर घेऊन

आता मुख्य काम. दोन किंवा तीन गाड्याच निवडा. त्याहून जास्त चालवल्या की शेवटी काहीच लक्षात राहत नाही.

फोन करताना स्पष्ट सांगा: मला अमुक इंजिन, अमुक गिअरबॉक्स असलेलीच गाडी चालवायची आहे. डिझेल घेणार आणि चालवायला पेट्रोल देणार, हे चालवून घेऊ नका. वेळ दुपारची मागा, म्हणजे एसीची परीक्षा होते. रस्ता तुम्ही ठरवणार आणि घरची माणसं सोबत असतील, हेही आधीच सांगा. लायसन्स जवळ ठेवा, डेमो गाडीचा विमा चालू आहे का विचारा, आणि निघण्याआधी टायरमधली हवा तपासायला लावा. हवा जास्त असेल तर चांगली गाडीही आदळते आणि तुमचा अंदाज चुकतो.

इंजिन सुरू करण्याआधी दहा मिनिटं नुसते बसा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा स्टिअरिंगला लागतो का? घरात दोघं चालवणार असतील तर दोघांनीही बसून बघा. बुटक्या माणसाला बोनेटचं टोक दिसतं का? काचेच्या कडेचा खांब उजव्या वळणावर रस्ता झाकतो का? घाटात समोरून येणारी एसटी नेमकी त्या खांबाआड लपते.

मग आजींना बसू द्या. मदत करू नका, नुसतं बघा. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला असेल तर त्या सहज टेकतात आणि वळतात. फार खाली असेल तर उठताना गुडघ्यांवर भार येतो, फार वर असेल तर पाय चढत नाही. धरायला हँडल आहे का? उंबरा किती रुंद आहे? साडी नेसून चढता येतं का? माझ्या मते घरच्या गाडीची ही सगळ्यांत महत्त्वाची चाचणी आहे.

सामानही न्या, खरं सामान. गावी जाताना ज्या बॅगा नेता त्याच. मे महिन्यात येताना आंब्याच्या पेट्या असतात, त्यांचं माप लक्षात ठेवा. डिकीचा काठ किती उंच आहे आणि जड बॅग त्यावरून उचलून आत टाकताना कंबरेत काय होतं, ते तिथेच समजतं.

आता निघा. सुरुवात गर्दीतून. क्लच जड आहे का, पहिल्या गिअरमध्ये गाडी झटके देते का? ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवरून पाय काढल्यावर ती मऊपणे सरकते की उडी मारते?

मग स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलसर ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. आपल्या गल्लीतला तसा क्वचितच असतो. म्हणूनच आपल्याच गल्लीतल्या सर्वांत वाईट ब्रेकरवरून, सगळी माणसं आणि सामान गाडीत असताना, हळू जा. माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, अनेकदा रिकाम्या गाडीचा असतो. स्विफ्टचा १६३ मिलिमीटर, क्रेटाचा १९०, नेक्सॉनचा २०८. भरल्यावर गाडी खाली बसते आणि किती बसते हे स्प्रिंगवर ठरतं, ते कागदावर नसतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली गाडी आकडा चांगला असूनही मधोमध घासते.

खराब रस्त्याचा एक तुकडा शोधा आणि ताशी तीस-चाळीसने जा. चालवणाऱ्याला खड्डे कमी जाणवतात, म्हणून एकदा तुम्ही स्वतः मागे बसा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला चालवू द्या. काही गाड्या कमी वेगात कडक असतात आणि वेगात छान सावरतात. काही उलट, शहरात मऊ आणि हायवेवर डोलणाऱ्या. ज्या घरात मुलांना गाडी लागते, त्यांनी डोलणारी गाडी घेऊ नये.

यानंतर चढ. पुण्यात कात्रजचा जुना घाट किंवा दिवे घाट आहे, साताऱ्यात यवतेश्वर, कोल्हापुरात जोतिबाचा डोंगर, ठाण्याकडे घोडबंदर रोडवरचा गायमुख. काहीच जवळ नसेल तर सोसायटीचा रॅम्प. एसी चालू, गाडी भरलेली. सुरक्षित जागा बघून, मागे वाहन नसताना, चढावर पूर्ण थांबा आणि हँडब्रेक न लावता पुन्हा निघा. हिल होल्ड असेल तर गाडी दोन-तीन क्षण धरून ठेवते. नसेल तर किती मागे येते ते बघा. नवशिक्या चालकाला घाटातल्या कोंडीत सगळ्यांत जास्त घाम इथेच फुटतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढवत न्या. सारखा गिअर खाली टाकावा लागतो का? संथ ट्रकला ओलांडायला लागणारा जोर वेळेवर मिळतो का? जोर कमी वाटला तर मनाची समजूत घालू नका. पुढे पाच वर्षं तीच गाडी त्याच घाटात न्यायची आहे.

उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये हे कसं करायचं, मॅन्युअल मोड आहे की 'एल' (लो, म्हणजे खालचा गिअर) आहे, ते सेल्समनकडून करून घ्या. नीट सांगता आलं नाही तर माहितीपुस्तिका उघडून बघा. न्यूट्रलमध्ये उतरणं कधीही, कुठल्याही गाडीत नको.

हायवेवर ताशी ऐंशी ते शंभर. समृद्धी महामार्गावर कारना १२० ची मर्यादा आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० ची आणि त्याच्या घाटात ६० ची. बाजूने मोठा ट्रक गेल्यावर गाडी हलते का, स्टिअरिंग सरळ राहतं का, मागच्यांशी आवाज न चढवता बोलता येतं का? रस्ता मोकळा असेल, मागे कुणी नसेल आणि सगळ्यांना सांगून झालं असेल, तर एकदा ब्रेक जोरात दाबा. गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे.

शेवटी गाडी आपल्याच पार्किंगमध्ये रिव्हर्स लावा. कॅमेरा असो वा नसो, मान वळवून मागची काच किती दिसते ते पाहा. पावसात कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल बसतो.

परतल्यावर सेल्समनसमोर काहीही ठरवू नका. घरी येऊन प्रत्येकाला वेगवेगळं विचारा: पाय अवघडले का, मळमळलं का, एसी मागे पोचला का? मुलांची उत्तरं मोठ्यांइतकीच गंभीरपणे घ्या.

पाऊस आणि रात्र

दुसरी फेरी अंधारात मागा. हेडलाइटचा झोत किती लांब जातो आणि रस्त्याची कड दिसते का, हे दिवसा कळत नाही. आंबोलीसारख्या घाटातल्या दाट धुक्यात हाय बीम समोर पांढरा पडदा उभा करतो. तिथे खाली बसवलेला फॉग लॅम्प कामाचा. मागचा वायपर आणि मागच्या काचेचा डिफॉगर खालच्या व्हेरियंटमध्ये बऱ्याचदा नसतो. कोकणात जाणाऱ्याने तो असलेलंच व्हेरियंट घ्यावं.

आणि शक्य असेल तर, निर्णय जवळ आला की तेच मॉडेल दोन दिवस भाड्याने घेऊन गावी जाऊन या. भाड्याचे पैसे फुकट गेले असं वाटेल. पण दहा-बारा लाखांचा निर्णय त्यावर उभा आहे. त्याच फेरीत गावाजवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे, तेही बघून घ्या.

किंमत आणि विमा

२२ सप्टेंबर २०२५ पासून, चार मीटरपर्यंत लांबी आणि १,२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्यांना ४० टक्के, आणि इलेक्ट्रिकला ५ टक्के. वर आरटीओचा कर, विमा आणि फास्टॅग. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा केलेला आयकर) लागतो, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, म्हणून पावती जपा. ऑन-रोड किंमत ओळीओळीने लिहून मागा. 'हँडलिंग चार्जेस' असं काही दिसलं तर ते कशाचे, हे विचारा आणि काढायला लावा.

विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून दर काढा. पावसाळी भागात 'इंजिन प्रोटेक्ट' जोडून घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेलं की इंजिनात पाणी ओढलं जातं आणि आतले रॉड वाकतात. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत. ही गोष्ट घरात जे जे गाडी चालवणार त्या सगळ्यांना सांगून ठेवा: पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करायची नाही, ढकलून बाहेर काढायची.

ताब्यात घेण्याआधी

नोंदणी होण्याआधी गाडी उजेडात बघा, रात्री किंवा सणाच्या गर्दीत नको. चॅसिस नंबर कागदाशी जुळवा. विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. गाडी फार महिने यार्डात उभी असेल तर दुसरी मागा. टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, पाचही टायरचे बघा. स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची आहे की लहान, हे विचारून घ्या. लहान असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी लागते. जॅक आणि पाना बाहेर काढून, चाक कसं बदलायचं ते तिथल्याच माणसाकडून एकदा करून घ्या, आणि मग दुसऱ्यांदा स्वतः करा.